आठ वर्षांची अट
उस्ताद अब्दुल करीम खाँ : घराण्याबाहेरच्या मुलांना घरात घेणारा गवई

रमजानचा रोजा म्हणजे केवळ भूक-तहान आवरणे नव्हे, हे आपल्या गावांतल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांनाही आता ठाऊक आहे. पहाटे सहरीला उठायचे, दिवसभर जीभ सांभाळायची, ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करायची आणि हे महिनाभर न चुकता करायचे. गवयाच्या घरात अशाच शिस्तीला रियाज म्हणतात. शब्दही अरबीतूनच आलेला. फरक एवढाच, की तिथे महिने मोजत नाहीत, वर्षे मोजतात.

किती वर्षे, या प्रश्नाला किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे उत्तर ठरलेले होते. आठ. त्याहून कमी काळासाठी येणाऱ्या मुलाला शिकवण्यात त्यांना अर्थ वाटत नसे. मात्र जो मुलगा तेवढी वर्षे राहायला तयार असेल, त्याची जात, धर्म, भाषा किंवा बापाची ऐपत ते विचारीत नसत. शंभर वर्षांपूर्वी घराण्याची विद्या घराण्यातच ठेवण्याची रीत होती. त्या काळात हे मोठे धाडस होते. मिरजेच्या या गवयाने लावलेल्या झाडाच्या दोन फांद्या अमरावती आणि मूर्तिजापूरपर्यंत पोचल्या आहेत. म्हणून वऱ्हाडातल्या वाचकांनीही त्यांचे आयुष्य जाणून घ्यायला हवे.

कैरान्याहून मिरजेला

अब्दुल करीम खाँ यांची जन्मतारीख ११ नोव्हेंबर १८७२ मानली जाते. हिजरी कालगणनेत तो १२८९ सालचा रमजान महिना होता. जन्मगाव कैराना, आजच्या उत्तर प्रदेशातले. या गावाच्या नावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. गाण्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला हेही हाताखालून गेले. घरात सगळे गाणारे-वाजवणारे, त्यामुळे मुलाला शिकवायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. सुताराच्या मुलाच्या हाती जशी रंधा-पटाशी येते, तसा त्यांच्या हाती तंबोरा आला. शाळेत जाण्याच्या वयात त्यांचे कान सुरांना सरावले होते आणि अगदी लहानपणीच त्यांनी श्रोत्यांसमोर गायला सुरुवात केली.

तरुणपणी ते भावाबरोबर बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक म्हणून राहिले. याच बडोद्यात मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. घराण्यात जन्म न घेतलेल्या मुलांनाही वर्गात बसवून संगीत शिकवता येते, ही गोष्ट तिथे सिद्ध झालेली होती.

बडोद्यातच त्यांचे आणि ताराबाई माने यांचे मन जुळले. ताराबाई संस्थानातल्या मराठा सरदार घराण्यातल्या. हा संबंध कोणालाच मानवणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत घर केले. मिरजेत खाँसाहेबांना प्लेगने गाठले, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांनी दुआ मागितली, ते बरे झाले आणि तिथेच राहिले, अशी आठवण मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या काळी प्लेगमध्ये घरेच्या घरे रिकामी होत होती. वाचलेल्या माणसाला ते गाव आपले वाटले, यात नवल नाही.

मिरज तेव्हाही संगीताचे गाव होते. तिथले कारागीर तंबोरे आणि सतारी बनवत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवून गेले होते. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. योगायोग असा, की पलुस्करांचा जन्मही १८७२ चाच. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत चार भिंतींतून बाहेर आणून हजारोंच्या हाती दिले. अब्दुल करीम खाँ यांनी त्याच काळात दुसरी वाट धरली. त्यांना थोड्यांनाच, पण शेवटपर्यंत घडवायचे होते. महाराष्ट्राला दोन्ही वाटांची गरज होती.

कुंदगोळचा मुलगा

खाँसाहेब म्हैसूरच्या दरबारात गायला जात. तिथेच त्यांना ‘संगीतरत्न’ हा किताब मिळाला. जाता-येता धारवाडकडे त्यांचा मुक्काम पडे. जवळच्या कुंदगोळला नाडगीर यांचा वाडा होता आणि गवयांचा तिथे आदर होई. त्या वाड्यावर नोकरी करणाऱ्या कारकुनाचा मुलगा रामभाऊ गाण्याने वेडावलेला होता. हुबळीच्या शाळेत त्याचे नाव होते, पण मन तिथे नव्हते.

या मुलाला खाँसाहेबांनी ऐकले आणि शिकवायचे कबूल केले. अट एकच : आठ वर्षे राहावे लागेल. मुलाच्या बापासाठी ही सोपी गोष्ट नव्हती. आठ वर्षांत मुलगा शिकून कारकून झाला असता, घरात पगार आला असता. गाण्यातून काय मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यातून मुलगा हिंदू, उस्ताद मुसलमान. तरीही मुलगा गेला आणि उस्तादांच्या घरात राहिला.

अशी अट कशासाठी, हे समजायला तालमीचे काम कसे चालते ते पाहावे लागते. पहिले कित्येक महिने मुलाच्या वाट्याला फक्त षड्ज येतो. पहाटे उठून खर्जाचे सूर लावायचे, श्वास पुरवायचा, तंबोऱ्याच्या जवारीत आपला आवाज विरघळतो का ते ऐकायचे. मग पलटे. मग एखादा राग, आणि तोच राग महिनोन्‌महिने. या परंपरेत सकाळी तोडी, दुपारी मुलतानी आणि संध्याकाळी पूरिया असा वर्षानुवर्षे शिकवण्याचा क्रम प्रसिद्ध आहे. तीनच राग आले म्हणून बाहेरचा माणूस हसेल. पण त्या तीन रागांत कोमल-तीव्र सुरांची जी बारीक ठिकाणे आहेत, ती एकदा गळ्यात बसली की बाकीचे राग उचलायला वेळ लागत नाही.

शिवाय मुलाच्या गळ्याची स्वतःची एक अडचण असते. तेरा-चौदाच्या सुमाराला आवाज फुटतो. कालपर्यंत गोड गाणारा मुलगा आज घोगरा होतो. या काळात त्याच्याकडून जबरदस्तीने गाऊन घेतले तर गळा कायमचा बिघडू शकतो. गाणे अजिबात सुटले तर कानाची सवय जाते. अशा वर्ष-दोन वर्षांत मुलाला हलका रियाज द्यायचा, तबला-बीन शिकवायचे, ऐकवायचे आणि मुख्य म्हणजे त्याचा धीर सुटू द्यायचा नाही, हे काम आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकाला जमत नाही. त्याला घरातलाच माणूस लागतो. रामभाऊंचा मोठेपणीचा आवाज मुळात गोड नव्हता. तो त्यांनी रियाजाने कमावला, असे त्यांना ऐकलेले सगळेच सांगत आले.

पुण्यातले आर्य संगीत विद्यालय

एकेका मुलाला घरात ठेवण्यापासून पुढची पायरी १९१३ मध्ये आली. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला आर्य हे नाव दिले, यावरून त्यांच्या मनात कोणते विद्यार्थी होते ते दिसते. ज्या घरांत गाण्याचा वारसा नाही, पण मुलाच्या गळ्यात सूर आहे, अशा मराठी घरांतली मुले त्यांना हवी होती.

विद्यालयाची व्यवस्था घरासारखी होती. ऐपत असलेली मुले फी देत. ज्यांची ऐपत नसे ती तिथेच राहत, तिथेच जेवत आणि दीर्घकाळ टिकून राहण्याची हमी देत. घरकारभार ताराबाईंकडे. गाण्याबरोबर वाद्ये जुळवणे, तंबोऱ्याची जवारी काढणे, वाद्याची डागडुजी करणे हेही मुले शिकत. खाँसाहेबांचा स्वतःचा हात त्या कामात चांगला चाले. सुरांचे बारकावे मोजण्याच्या कामातही ते रमले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींचा अभ्यास चालवला होता, त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची मोठी मदत झाली.

एवढ्या मुलांचे पोट भरायचे कशावर? दरबाराची कायमची नेमणूक नव्हती. उत्तर होते जलसे. खाँसाहेब तिकीट लावून गात, विद्यार्थ्यांनाही रंगमंचावर बसवत. मुलांना लोकांसमोर गाण्याची सवय होई आणि विद्यालयाच्या खर्चाला हातभार लागे. याच काळातली एक गमतीची आठवण त्यांच्या शिष्यमंडळींत सांगितली जाते. खाँसाहेबांनी ‘टिपू मियाँ’ नावाच्या आपल्या कुत्र्यालाही सुरात आवाज काढायला शिकवले होते आणि त्याला जलशात आणले होते. लोक हसायला आले असतील. पण कान तयार करायला धीर लागतो आणि त्यांच्याकडे धीराला तोटा नव्हता, हेही त्यांना दिसले असेल.

गरीब मुलांना आसरा देऊन त्यांच्याकडून संगीत घडवून घेण्याची कल्पना जगात इतरत्रही रुजली होती. इटलीतल्या नेपल्स शहरात सोळाव्या शतकात अनाथ मुलांसाठी चार आश्रम निघाले. तिथे मुलांना आधी भाकरी मिळे आणि मग संगीत. युरोपात संगीतशाळेला जो ‘कन्झर्व्हेटरी’ हा शब्द रूढ झाला, तो या आश्रमांच्या नावातूनच आला. मूळ अर्थ सांभाळणे, जपणे. पुण्यातल्या विद्यालयाला हा इतिहास माहीत असण्याचे कारण नाही. तरी काम तेच होते.

विद्यालयातून आणि खाँसाहेबांच्या घरगुती तालमीतून पुढे आलेली नावे पाहिली की हिशेब लागतो. रामभाऊ कुंदगोळकर, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, गणेश रामचंद्र बेहेरेबुवा, दशरथबुवा मुळे. पुढच्या काळात कलकत्त्याहून आलेली रोशनआरा बेगम, जी फाळणीनंतर पाकिस्तानात गेली आणि तिथली सर्वांत मोठी गायिका मानली गेली. कपिलेश्वरीबुवांनी तर आपल्या उस्तादाचे मोठे चरित्र मराठीत लिहून ठेवले.

अमरावतीने दिलेला किताब

आठ वर्षांच्या अटीला दुसरी बाजू होती. मुलगा तयार होऊ लागला की बाहेरचे जग त्याला हाका मारू लागे. त्या काळात सर्वांत मोठी हाक संगीत नाटकाची होती. नाटक मंडळीत पगार होता, नाव होते, जरीचे शालू होते. पोरसवदा गाता मुलगा दिसला की मंडळीचे मालक त्याला उचलत. रामभाऊही नाटकात गेले. खाँसाहेबांना ते रुचले नाही, असे सांगतात. रोजचे प्रयोग, ओरडून गाणे, रात्रीची जागरणे यांत इतक्या कष्टाने घडवलेला गळा खर्ची पडणार, ही भीती खोटी नव्हती.

नाटक मंडळी गावोगाव फिरत वऱ्हाडात आली. अमरावतीचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे नाट्य-संगीताचे मोठे शौकीन. त्यांनी रामभाऊंना ऐकले आणि त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटले. टिळकांनी नारायणराव राजहंसांना बालगंधर्व म्हटले होते. हा त्याहून सव्वापट, असा त्या शब्दाचा रोख. आज पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला देशभरातून लोक जातात. त्या नावाचा जन्म अमरावतीत झाला, ही गोष्ट मात्र इथल्याही अनेकांना माहीत नसते.

कोणाचे बरोबर होते, उस्तादाचे की शिष्याचे? उस्तादाची भीती काही अंशी खरी ठरली. रंगभूमीने रामभाऊंच्या गळ्याकडून भरपूर काम करून घेतले. पण रंगभूमीने त्यांना लोकांपुढे आणले हेही खरे. आणि तालीम इतकी पक्की होती, की नाटक सुटल्यावर ते पुन्हा ख्यालाकडे वळू शकले. पुढे त्यांनी कुंदगोळला स्वतः शिष्य घेतले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने शिकायला येत. भीमसेन जोशी गुरुगृही राहून पाणी भरत, काम करत शिकले. फिरोज दस्तूर हे पारशी, लहानपणी सिनेमात कामे केलेले. एका मुसलमान उस्तादाने एका ब्राह्मण मुलाला दिलेली विद्या अशी सर्वांच्या घरी गेली.

खाँसाहेबांचेही मन काळाबरोबर मऊ झाले असावे. उतारवयात त्यांनी ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या, त्यांत मराठी नाट्यपदेही आहेत. जन्माने कैरान्याचा हा गवई मराठी शब्द इतक्या प्रेमाने उच्चारतो, की ऐकणारा थबकतो. कर्नाटक संगीतातली त्यागराजांची रचनाही त्यांनी गाऊन ठेवली आहे.

स्वतःच्या घरातली शाळा

दुसऱ्यांच्या मुलांना आठ वर्षे धरून ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःची मुले मात्र धरून ठेवता आली नाहीत. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. घर फुटले. ज्या विद्यालयाचा कारभारच घरावर उभा होता, तेही पूर्वीसारखे राहिले नाही. खाँसाहेब मिरजेला परतले. मुलांनी आईचे माने हे आडनाव लावले. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती झाली.

वेगळे होण्याची कारणे नवरा-बायकोची होती, त्यात आज शिरण्याचे कारण नाही. पण मुलांच्या बाबतीत पुढे जे घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. बाप गेला तरी कानात बसलेले सूर गेले नाहीत. जन्मल्यापासून त्या घरात पहाटेचा खर्ज ऐकू येत होता. सुरेशबाबूंना बापाची तालीम मिळाली होती. हिराबाईंना पुढे सुरेशबाबूंनी आणि त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांनी घडवले. घराची घडी विस्कटली, तालमीची विस्कटली नाही. गरज पडली तेव्हा तीच तालीम या भावंडांच्या उपजीविकेला उभी राहिली.

हिराबाई बडोदेकरांनी जे केले ते तर वडिलांच्या काळात कोणाला सुचलेही नसते. त्या काळी लहानपणापासून नाच-गाणे शिकणाऱ्या मुली बहुतेक कलावंतांच्या घरातल्या असत. त्यांच्या कलेचे कौतुक होई, पण त्यांना मान मिळत नसे. इतर घरांतल्या मुलीच्या गळ्यात कितीही सूर असला तरी तो माजघराबाहेर येत नसे. हिराबाई तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत साध्या, घरंदाज वेषात बसून गायल्या आणि मराठी समाजाने त्यांना मान दिला. त्यांनी नूतन संगीत विद्यालय काढले. त्याच्या नाट्यशाखेत स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. हिराबाई गायल्या म्हणून पुढे कित्येक आया आपल्या मुलींना गाण्याच्या क्लासला पाठवू शकल्या. सरस्वती राणे यांचा आवाज सिनेमातूनही घरोघरी गेला.

दुसरी वऱ्हाडी फांदी सुरेशबाबूंची. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. लहानपणीच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात त्यांना कृष्णाची भूमिका मिळाली. पुढे ज्यांच्याकडे ते शिकले, त्यांत सुरेशबाबू माने होते. म्हणजे मिरजेच्या खाँसाहेबांचे देणे त्यांच्या मुलाच्या हातून मूर्तिजापूरच्या मुलापर्यंत आले. वसंतरावांना पोटासाठी वर्षानुवर्षे सरकारी नोकरी करावी लागली आणि गाण्याला पूर्ण वेळ खूप उशिरा देता आला, हेही या गोष्टीचाच भाग आहे. गुणी मुलाला तालीम मिळाली तरी आधार मिळतोच असे नाही.

नमाज आणि सूर

इस्लाममध्ये संगीताला कितपत जागा आहे, यावर उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. वाद्यसंगीत नको म्हणणारे आहेत, तसेच चिश्ती परंपरेसारखे समाअ ऐकून अल्लाहची आठवण करणारेही आहेत. अब्दुल करीम खाँ यांनी या वादात भाग घेतल्याचे दिसत नाही. ते नमाज पढत, पिरांवर श्रद्धा ठेवत आणि गात. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला त्यांची हजेरी असे. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांवर त्यांची भक्ती होती आणि त्यांच्यापुढे ते गायले होते, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. ताजबागला जाणाऱ्या वऱ्हाडी भाविकांना ही गोष्ट जवळची वाटेल.

त्यांचे गाणे ऐकताना हा स्वभाव जाणवतो. आवाज बारीक, टोकदार, उंच चढणारा. दमदाटी कुठेही नाही. एका सुरावर ते इतका वेळ थांबतात, की ऐकणाऱ्याचाही श्वास मंदावतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतही त्यांना घाई नसते. १९३४ ते १९३७ या काळातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही सहज ऐकायला मिळतात. इफ्तारनंतरच्या निवांत वेळी त्यांची झिंझोटीतली ठुमरी एकदा ऐकून पाहावी.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तिथून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गायला जायचे होते. वाटेत गाडीत प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर त्यांना उतरवले. फलाटावर वळकटी उलगडली. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा मागितला, दरबारी कानड्याच्या सुरांत कलमा पढला आणि पडले ते उठले नाहीत, असे त्यांच्याबरोबरचे लोक सांगत आले. तारीख होती २७ ऑक्टोबर. शाबान उतरणीला लागला होता आणि रमजानचा चंद्र आठ-नऊ दिवसांवर होता. त्यांचा देह मिरजेला आणून ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीत दफन केला.

आजच्या मुलांचे काय?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की नांदगाव पेठ येते. पुढे त्याच रस्त्यावर तुकडोजी महाराजांची मोझरी. महाराजांनी खंजिरीच्या तालावर सारा देश फिरून काढला. या पट्ट्यात गाण्याला तोटा नाही. भजनी मंडळात मोठ्या माणसांच्या मध्ये बसून नेमकी मात्रा पकडणारे एखादे पोट्टे असते. मशिदीच्या मक्तबमध्ये नात म्हणताना एखाद्या मुलीचा सूर असा लागतो, की बाकीची मुले गप्प होतात. गॅदरिंगमध्ये एकदा पाहून सबंध नाच उचलणारी पोरगी तर प्रत्येक शाळेत सापडते. लोक टाळ्या वाजवतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि घरी जातात.

आज सोयी वाढल्या आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षा आहेत. शास्त्रीय कलेची परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. पलुस्करांच्या वाटेचे हे यश आहे. त्यामुळे संगीत समजणारी माणसे वाढतात आणि ती हवीतच. पण गुणांसाठी दोन परीक्षा देऊन अकरावीला तंबोरा माळ्यावर टाकणाऱ्या मुलांत एखादा रामभाऊ असेल, तर तो कोणाच्या लक्षात येणार? टीव्हीवरच्या स्पर्धांत मुले सहा महिन्यांत नावारूपाला येतात. नेमके आवाज फुटायच्या वयात त्यांच्याकडून रोज गाऊन घेतले जाते. त्यांच्याजवळ वर्ष-दोन वर्षे शांत बसून राहणारे कोणी नसते.

अब्दुल करीम खाँ यांची रीत जशीच्या तशी आज चालणार नाही. मुलाला आठ वर्षे घराबाहेर ठेवायला कोणते आईबाप तयार होतील, आणि शाळा सोडायला लावणेही योग्य नव्हे. पण त्या रीतीतल्या तीन गोष्टी गावालाही जमण्यासारख्या आहेत. मूल आठ-दहा वर्षांचे असतानाच त्याचा कान ओळखणे, हे शाळेतल्या एका जाणत्या शिक्षकाला जमते. शहरातल्या चांगल्या गुरूपर्यंत त्याला नियमित नेण्या-आणण्याचा खर्च उचलणे, हे एखाद्या मंडळाला जमते. तिथे गणेशोत्सवाची वर्गणी असेल किंवा ईदच्या निमित्ताने दिलेली मदत असेल. आणि निकालाची घाई न करणे, हे मात्र आईबापांनाच जमवावे लागते.

मिरजेत दरवर्षी ख्वाजासाहेबांच्या उरुसाला खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली गवई येऊन बसतात, मानधनाचा विचार न करता हजेरी लावतात. नामवंतांच्या आधी नव्या मुलांनाही तिथे बसवले जाते. श्रोत्यांत टोपी घातलेले असतात, गंध लावलेले असतात आणि तंबोरे बनवणाऱ्या गल्लीतले कारागीरही असतात. वऱ्हाडातून मिरज लांब पडते. पण गाण्याचे वेड लागलेले मूल घरात असेल, तर एकदा त्याला घेऊन जावे. पुढ्यात बसलेला त्याच्याच वयाचा मुलगा तंबोरा कसा जुळवतो, ते त्याने जवळून पाहावे.